नाव कोणी सांगितलं?

पहिलं वर्षभर मी स्कॉटलंडमधल्या त्या डोंगराला 'भान' म्हणत होते. नकाशावर 'बेन'च्या पुढे रोमन अक्षरं होती बी, एच, ए, एन, आणि ए-च्या डोक्यावर एक तिरकी रेघ. मोबाईलवर रोमनमधून मराठी लिहायची सवय लागलेल्या माणसाला बी-एच दिसलं की भ-च दिसतो. बेन भान. मला नाव फारच आवडलं होतं. घरी फोनवर सांगितलंही, इथे एका डोंगराचं नाव भान आहे म्हणून. आई म्हणाली, "बरंय, तुमच्याकडे डोंगराला तरी आहे."

मग लॉखकॅरनकडच्या एका निवृत्त मेंढपाळांनी माझं भान उतरवलं. ते मूळचे गेलिक, म्हणजे इथल्या डोंगराळ भागाची जुनी भाषा, बोलणारे. त्या किनाऱ्यावर आता अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत. मी समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून नाव घेतलं. ते हसले नाहीत, एवढंच म्हणाले, "वान." गेलिकच्या वर्णमालेत अक्षरं 18 आणि त्यात व्ही नाही. व हा आवाज मात्र भाषेत भरपूर आहे, तो बी-एच किंवा एम-एच लिहून दाखवतात. मूळ शब्द 'बान', म्हणजे पांढरा, फिकट. पण 'बेन' म्हणजे डोंगर हा शब्द गेलिकमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून तिच्यामागून येताना बान मऊ होऊन वान होतो. 'म्यॉल' म्हणजे गोल गठ्ठ्यासारखा डोंगर, तो पुल्लिंगी, त्याच्यामागे बान बानच राहतो.

इतर शिकाऊ लोकांना हा प्रकार विचित्र वाटतो. मला नाही वाटला. मोठा डोंगर, मोठी टेकडी, मोठं शिखर. आपण शब्दाचं शेपूट बदलतो, ते तोंड बदलतात, इतकाच फरक.

माझ्या नवऱ्याला बेन वानमध्ये रस नाही, कारण ती 896 मीटर आहे. त्याला 914 मीटरच्या वरचे डोंगर लागतात. सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी 1891 साली तीन हजार फुटांवरच्या स्कॉटिश शिखरांची यादी छापली. तेव्हापासून ही शिखरं 'मन्रो' म्हणून ओळखली जातात आणि ती सगळी चढून संपवणं हा इथला एक रोग आहे. आजच्या यादीत ती 282 आहेत. नवरा एकेक खूण करत जातो. मी इन्व्हर्नेसमध्ये अकरा वर्षं एका प्रयोगशाळेत नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, नाव आणि नमुना जुळतोय ना हे बघत बसते. कदाचित त्यामुळेच असेल, चढताना माझा जीव शिखरात कमी आणि त्याच्या चिठ्ठीत जास्त अडकतो.

मी वही केली. शंभर पानी, आडव्या रेघांची, जुन्नरहून आणलेली. तीत देवनागरीत नावं लिहायची असं ठरवलं, आणि आपली लिपी या कामाला किती सोयीची आहे ते हळूहळू कळत गेलं. गेलिकमध्ये स्वर लांब की आखूड याला फार महत्त्व आहे. 'बस' म्हणजे तळहात आणि 'बास' म्हणजे मृत्यू. लिहिताना फरक फक्त ए-वरच्या रेघेचा, आणि पाट्यांवरून ती रेघ सर्रास गळते. देवनागरीत काना गाळायचं कोणाच्या मनातही येत नाही.

आणखी एक गंमत म्हणजे 'गोर्म' हा शब्द. म्हणजे निळा. म्हणताना मात्र माणसं 'गोरोम' म्हणतात. र आणि म-च्या मधे एक स्वर आपोआप शिरतो, जसा आपल्याकडे धर्मचा धरम होतो आणि जन्मचा जनम. संध्याकाळच्या गेलिक वर्गात शिक्षिका हे समजावत होत्या, त्यांनी फळ्यावर या प्रकाराचं शास्त्रीय नाव लिहिलं, आणि मी खुर्चीतच ताठ झाले. नाव होतं स्वरभक्ती. संस्कृत व्याकरणातला शब्द, भाषाशास्त्रज्ञांनी उचलला आणि तो थेट गेलिकच्या अभ्यासात जाऊन बसला. वर्गात त्याचा सर्वांत वाईट उच्चार शिक्षिकेचा होता. तेवढा एक दिवस मी त्यांना दुरुस्त केलं. गेलिकमध्ये नावाला 'एनम' म्हणतात, तिथेही हीच स्वरभक्ती, आणि हा एनम आपल्या 'नाम'चा दूरचा सख्खा भाऊ.

बेन वानच्या शेजारून अ‍ॅपलक्रॉसला जाणारा घाटरस्ता आहे, 626 मीटरपर्यंत चढणारा, नागमोडी, आपल्या जुन्या घाटांची आठवण करून देणारा. खिंडीचं नाव ब्यॅलख ना बा, म्हणजे गाईंची खिंड. 'बो' म्हणजे गाय. आपला 'गो' आणि हा 'बो' एकाच जुन्या शब्दाची लेकरं, फक्त त्यांच्याकडे ग-चा ब झाला. याच वाटेने गुरं बाजाराकडे हाकली जात. ग्लेन्को खोऱ्याच्या तोंडाशी जो त्रिकोणी डोंगर दिसतो, निम्म्या कॅलेंडरांवर असतो तो, त्याचं नाव बुआखले एटिव्ह मोर, एटिव्हचा मोठा गुराखी. त्या 'बुआखले'च्या पोटातही हीच गाय आहे. त्याच्या बाजूला धाकटा गुराखीही उभा आहे.

आणि घाट उतरून ज्या गावी पोचतो ते अ‍ॅपलक्रॉस? त्यात ना सफरचंद ना क्रूस. 'अबर क्रॉसन', म्हणजे क्रॉसन नदीचं मुख. त्यातला 'अबर' गेलिकच्याही आधीच्या, पिक्ट लोकांच्या भाषेतला. 673 साली संत मेलरुव्हा यांनी तिथे मठ स्थापला. गेलिक बोलणारे त्या जागेला अजून 'अ खोमरिख' म्हणतात, म्हणजे अभयस्थान. इंग्रजी कानाला अबर क्रॉसन ऐकून जे सुचलं ते पाटीवर लागलं.

असं कानाने ऐकून लिहिलेलं नाव उलगडायला मी एकदा दोन संध्याकाळी घालवल्या. 'बेन अ‍ॅटो'. शब्दकोशात अ‍ॅटो नाही, अ‍ॅटोच्या जवळपासचं काही नाही. शेवटी वर्गात विचारलं. ती निघाली 'बेन अता', लांबलचक डोंगर. मूळ शब्द 'फाता', लांब. स्त्रीलिंगी बेनच्या मागे आला की त्याचा फ मऊ होता होता पार नाहीसाच होतो. मी फ-मध्ये शोधायला हवं होतं आणि अ-मध्ये शोधत होते.

रंगांचीही अशीच फसवाफसवी. स्कॉटलंडच्या मध्यावरचा जो थोरला पठारी डोंगरपुंज आहे त्याला सगळं जग केर्नगॉर्म म्हणतं. त्यातल्या एका 1245 मीटरच्या डोंगराचं नाव कार्न गोरोम, निळा डोंगर, तेच इंग्रजीत सगळ्या पुंजाला चिकटलं. पण गेलिक बोलणारे त्या पुंजाला म्हणत 'अम मोनग रुअग', तांबूस डोंगर. त्याचा ग्रॅनाइट जवळून तसाच दिसतो, संध्याकाळच्या उन्हात तर भाजल्या विटेसारखा. स्पे नदीच्या पलीकडची रांग 'अम मोनग लिअग', करडे डोंगर. अलीकडे तांबडे, पलीकडे करडे, अशी जोडी. दुरून आलेल्या माणसाला सगळेच डोंगर निळे दिसतात. इथे आख्खी तांबडी रांग निळ्याच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्या समोरच्या करड्यांची जोडच तुटून गेली. शिवाय 'गोर्म' हा नुसता निळाही नाही, ताज्या गवताच्या रंगालाही गोर्मच म्हणतात. वहीत मी 'निळा' लिहून पुढे 'हिरवासुद्धा' असं लिहिलं, आणि सूर्य उतरताना बघायचं अशी स्वतःला सूचना.

माझे बाबा तलाठी होते. जुन्नर तालुक्यातल्या चार गावांचे. लहानपणी त्यांच्याबरोबर पीकपाहणीला जायचे तेव्हा एक गोष्ट लक्षात यायची. सातबाऱ्यावर गट नंबर असायचा आणि शेतकऱ्याच्या तोंडी 'चिंचेचं', 'टेपाडावरलं', 'म्हातारीचं'. बाबा दोन्ही लिहायचे, नंबर शाईने आणि नाव समासात पेन्सिलने. सरकारला पेन्सिलीचं काही नको होतं. त्यांना हवं होतं, कारण वाद झाला की माणसं नंबर सांगत नाहीत, चिंच सांगतात.

त्यामुळे ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याच्या, नावांच्या वह्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला एकदम बाबांचं दप्तर उघडल्यासारखं झालं. स्कॉटलंडचा सविस्तर नकाशा काढताना, 1845 ते 1878 या काळात, प्रत्येक नावासाठी या वह्या भरल्या गेल्या. आता त्या कोणालाही घरबसल्या पाहता येतात. रकाने असे: नकाशावर घातलेलं नाव, त्या नावाची निरनिराळी स्पेलिंगं, ती स्पेलिंगं कोणी सांगितली, ठिकाण कुठे, आणि वर्णन. तिसऱ्या रकान्यात सहसा तीन माणसं लागत. नावाचा पंचनामाच म्हणायचा, पंचांच्या सह्यांसकट.

मी तासन्‌तास तो तिसराच रकाना वाचत बसते. जमीनदार. जमीनदाराचा कारभारी. पाद्री. शाळामास्तर. कधी मेंढपाळ, कधी शिकाऱ्यांबरोबर फिरणारा रखवालदार. लिहून घेणारे बहुतेक लष्कराच्या इंजिनिअर तुकडीतले सैनिक, ज्यांना गेलिकचा गंध नव्हता. मुळात या भागाचा पहिला मोठा नकाशा निघाला तोही लष्करासाठीच. 1746 साली इन्व्हर्नेसजवळ कलोडनच्या माळावर हायलँडच्या, म्हणजे या डोंगराळ मुलखाच्या, बंडाचा चुराडा झाला, आणि पुढच्याच वर्षी विल्यम रॉय यांनी या डोंगरांची मोजणी सुरू केली. बंडखोर लपतात कुठे ते कळावं म्हणून.

विश्वासू साक्षीदार कोण, याचा सरकारी क्रम ठरलेला होता, शिकलेला आधी. पण डोंगराचं नाव शिकलेल्यालाच ठाऊक असतं असं कुठे आहे? पाद्री खोऱ्यात राहतो. वरची ओहळ, घळी, खडक यांची नावं ज्याला रोज तिथे जनावर शोधायला जावं लागतं त्याला ठाऊक. आणि तोवर अशी माणसं उरली होती किती? अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी खोरीच्या खोरी रिकामी केली. सदरलंडमधल्या स्ट्रॅथनेव्हरची घरं 1814 आणि 1819 साली पेटवून देण्यात आली. माणसं किनाऱ्यावर आली, ग्लासगोला गेली, जहाजात बसून कॅनडाला गेली. वहीवाले सैनिक पोचले ते त्यानंतर. ज्यांना विचारायचं ते आधीच कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात होते, आणि काही खोऱ्यांत साक्षीदार म्हणून सापडला तो दक्षिणेकडून आणलेला मेंढपाळ, त्यालाही गेलिक येत नसे. 1872 च्या शिक्षण कायद्याने शाळा सक्तीच्या केल्या, त्यात गेलिकला जागाच ठेवली नाही.

सगळंच वाईट झालं असं नाही. त्या वह्या भरल्या गेल्या नसत्या तर आज हजारो नावं मुळीच नसती. आपल्या अंगाला ऊन लागू न देता सैनिकाला नावं ठेवणं सोपं आहे. पावसात, डासांत, परक्या भाषेत ऐकून लिहायचं, तेही दिवसाला इतकी नावं. मीसुद्धा पहिल्याच नावाला 'भान' लिहिलंच होतं की.

सांगणाराही नेहमी सरळ सांगतो असं नाही. केर्नगॉर्ममध्ये 1004 मीटरचा एक काळाकभिन्न सुळका आहे. इंग्रजीत डेव्हिल्स पॉइंट, सैतानाचं टोक. गेलिक नाव बॉड अन ज्योइन. त्यात 'सैतानाचं' बरोबर आहे, 'टोक' मात्र नाही. बॉड म्हणजे पुरुषाचं लिंग. गोष्ट अशी सांगतात की व्हिक्टोरिया राणीने या सुळक्याच्या नावाचा अर्थ आपला सेवक जॉन ब्राउन याला विचारला. ब्राउन डीसाइडचा, गेलिक जाणणारा. बाईमाणूस, त्यात राणी. त्याने टोकावर निभावून नेलं. गोष्ट खरी असो वा नसो, नकाशावर टोक राहिलं. मग कोणाला तरी सैतान एकटा वाटला असावा, म्हणून जवळच्या शिखराला एन्जल्स पीक, देवदूताचं शिखर, असं नाव मिळालं. त्याचं जुनं नाव होतं 'हिरव्या तळ्याचा सुळका', आणि ते तळं अजूनही त्याच्या कुशीत आहे, खरोखर हिरवं.

हे डोंगर मुळात शरीराच्या शब्दांनीच बनलेत. स्रोन म्हणजे नाक, द्रुइम म्हणजे पाठ, गुअलन म्हणजे खांदा, साल म्हणजे टाच, कीअख म्हणजे स्तन. आपणही माथा, खांदा, कूस, सोंड, पायथा म्हणतोच. लोणावळ्याच्या नागफणीला साहेबाने ड्यूकचं नाक केलं तेव्हा त्याला शरीरच दिसलं, फक्त ते एका विशिष्ट साहेबाचं दिसलं. गेलिक नाकं कोणाचीच नसतात. स्वयंपाकघरही डोंगरावर आहे. हिमनदीने कोरलेल्या वाटीसारख्या घळीला 'कोरे' म्हणतात, म्हणजे कढई, आणि भूगोलाच्या पुस्तकातला 'कॉरी' हा शब्द तिथूनच आला. उल्लापूलच्या दक्षिणेला अन च्यालख आहे, म्हणजे चूल, भट्टी. लाल वालुकाश्माचा डोंगर. डिसेंबरात साडेतीनला सूर्य कलतो तेव्हा पाहावा, अर्थ विचारावा लागत नाही.

विचारावा लागतो तेव्हा मात्र उत्तर एकच मिळेल अशी आशा धरू नये, हे मी उशिरा शिकले. बेन नेव्हिस, 1345 मीटर, ब्रिटनमधला सर्वांत उंच. नेव्हिस म्हणजे काय? कोणी आकाशाशी, स्वर्गाशी जोडतात, कोणी विखाराशी, दुष्टपणाशी. पर्यटकांच्या पत्रकात अर्थातच स्वर्ग असतो. तिथलं हवामान चार वेळा भोगून आल्यावर माझा कौल विखाराला. स्काय बेटावरच्या स्गुर नान गिल्यनचं मी सगळ्यांना ऐटीत 'तरुणांचं शिखर' असं भाषांतर करून देत होते. मग समजलं, ते 'गिल्यन' नॉर्स भाषेतल्या 'गिल'पासून, म्हणजे घळीपासूनही आलेलं असू शकतं. त्या बेटांवर व्हायकिंग लोकांनी काही शतकं राज्य केलं, शेजारच्या रम बेटावरची अस्किव्हल, ट्रोलव्हल ही शिखरं तर उघडच त्यांची. घळींचं शिखर गेलिक कानांनी तरुणांचं करून घेतलं असेल. म्हणजे अबर क्रॉसनचं अ‍ॅपलक्रॉस करणारा इंग्रज एकटाच नव्हता.

आणि प्रत्येक गेलिक नाव पुराणकाळचं असतं असंही नाही. स्कायवरचं सर्वांत उंच शिखर स्गुर अलस्तर, 992 मीटर. ते अलेक्झांडर निकल्सन यांच्या नावाने आहे. गृहस्थ स्कायचेच, पेशाने न्यायाधिकारी, 1873 साली पहिल्यांदा वर चढले. महाबळेश्वरच्या आर्थर सीटपेक्षा हे नाव जुनं नाही. पण अलस्तर हे अलेक्झांडरचं घरचं नाव आहे आणि ते गेलिक व्याकरणात नीट बसवलंय, त्यामुळे ऐकताना आर्थरसारखं टोचत नाही.

हल्ली हे काम रीतसर चालतं. स्कायच्या दक्षिण भागात सालव मोर ओस्तेग हे गेलिक महाविद्यालय आहे, तिथून ऐनमन-आच ना हालप ही स्थळनामांची संस्था काम करते. जुने दस्तऐवज, नकाशे आणि आजचे बोलणारे, तिन्ही ताडून नावाचं रूप सुचवते. एडिंबरा विद्यापीठात 1951 साली स्कॉटिश अध्ययनाचं केंद्र निघालं, त्यांनी गावोगाव फिरून ध्वनिमुद्रणं केली. त्याआधी विल्यम वॉटसन यांनी 1926 साली स्कॉटलंडच्या केल्टिक स्थळनामांवर जो जाडजूड ग्रंथ लिहिला त्याच्याशिवाय अजून कोणाचं पान हलत नाही. 2022 च्या जनगणनेत गेलिकचं काही ना काही ज्ञान असलेले लोक सुमारे 1 लाख 30 हजार निघाले, बोलू शकणारे त्यातले सुमारे 70 हजार. शिकून बोलणारे वाढताहेत. पण शिकलेल्याला 'कोरे' म्हणजे कढई हे ठाऊक असतं, कोणत्या कोरेला कोणत्या म्हातारीचं नाव होतं ते नाही.

म्हातारी मुद्दाम लिहिलं. उन्हाळा लागला की खोऱ्यातल्या बायका, पोरी आणि लेकरं गुरं घेऊन वरच्या कुरणांवर जात. दगड आणि गवताच्या ढेकळांच्या झोपड्या, तिथेच दूध काढायचं, लोणी-चीज करायचं. या मुक्कामाला 'आरी' म्हणतात. आपल्या डोंगरातले धनगरवाडे पाहिलेल्याला लगेच ओळखू येतील. मी बेन वानच्या कुशीत असे चौथरे पाहिलेत, आणि लांबून ते कसे ओळखायचे हेही त्या मेंढपाळांनीच शिकवलं. भोवतालच्या तपकिरी उतारावर एकच हिरवागार तुकडा असतो. गुरांच्या शेणाचं खत अजून जमिनीत आहे. सबंध उन्हाळा वर काढणाऱ्या या बायकांनी प्रत्येक ओहळाला, झऱ्याला, बसायच्या दगडाला नाव दिलं नसेल हे कसं शक्य आहे? तिसऱ्या रकान्यात मात्र बाईचं नाव क्वचितच भेटतं.

डंकन बान मॅकिंटायर हा अठराव्या शतकातला कवी बेन दोरनवर रखवालदार होता. त्याने त्या एका डोंगरावर पाचशेहून जास्त ओळींचं काव्य रचलं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आपल्या बहिणाबाईंसारखंच, उतरवून घेणारं माणूस भेटलं म्हणून ते उरलं. बेन दोरनवरच्या आरीतल्या पोरींनीही काही रचलं असेलच.

गेल्या रविवारी घरी फोन केला तेव्हा डोक्यात हेच होतं. बाबांना विचारलं, आपल्या घरामागच्या टेकडीचं नाव काय हो? बाबा म्हणाले, "मारुतीची टेकडी. दप्तरात तेच आहे." मी वहीत लिहिलं. मग मागून आईचा आवाज आला.

"बायका नाही तसं म्हणत."

मी म्हटलं, मग काय म्हणतात? बाबाही म्हणाले, मग काय म्हणतात? चाळीस वर्षं त्या गावाचं दप्तर सांभाळलेला माणूस. आईने फोन घेतला आणि एक नाव सांगितलं. दोन शब्दांचं. मी जन्मात ऐकलं नव्हतं. सरपणाला जाणाऱ्या बायकांत चालतं म्हणाली, तिला तिच्या सासूने सांगितलं होतं.

"म्हणजे काय गं?"

आई हसायला लागली. "हे इथेच बसलेत समोर. तू आलीस की सांगेन."

ते नाव मी इथे छापत नाही, तिने बजावलंय. वहीत घातलंय. उच्चार, ठिकाण, घरामागे, आग्नेयेला. कोणी सांगितलं, आई. अर्थाचा रकाना डिसेंबरपर्यंत रिकामा.